गल्लीतली खुंटी सरकवल्याबाबत

जबाब देणार: माती-पाणी तपासणी कार्यालयाची चालक. वय ४७ वर्षे. काम: दूषित जागांच्या पाहणीचा आराखडा करणे. राहणार: कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, सासूबाई व दीर यांच्यासह.

मी स्वतः ठाण्यात येऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, माझे पती हयात नाहीत. त्यांनी सुरू केलेले काम मी व माझे धाकटे दीर मिळून चालवतो. कुठे खणायचे, किती खोल जायचे, कोणता नमुना कशात भरायचा हे मी ठरवते. खणण्याचे मशीन दीर चालवतात. मी त्यांना भाऊजी म्हणते.

बंद पडलेल्या प्लेटिंग कारखान्याच्या मागे एक गल्ली आहे. कारखान्यात लोखंडी सामानावर क्रोमचा मुलामा देत असत. गल्लीतल्या बोअरला अलीकडे पिवळसर पाणी येऊ लागले, म्हणून नगरपालिकेने पाहणीचे काम आमच्याकडे दिले. अशा कामात आल्या आल्या कोणी खणत नाही. आधी सगळी जागा पायी फिरायची. टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे मुरत होते, जमिनीचा उतार कोणीकडे आहे, हे समजून घ्यायचे. चुकीच्या जागी भोक पडले तर माती स्वच्छ निघते आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून माझा बराच वेळ आराखड्यात जातो. भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्ही कागदावरच इतकं खणता की मला खाली काही उरत नाही."

गल्लीचे शेवटचे घर कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. त्या भिंतीला खालच्या बाजूने पिवळा ओलावा धरलेला दिसला. घरात एक वयस्कर बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून आम्हीही मावशी म्हणू लागलो. त्यांच्या यजमानांना पक्षाघात झालेला असून ते अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची खाट खिडकीशी लावलेली आहे, तिथून त्यांना गल्ली दिसते. पाहणीच्या दिवसांत आम्ही सामान मावशींच्याच ओट्यावर ठेवत होतो. त्या आम्हाला चहा देत. चहा त्याच बोअरच्या पाण्याचा असे. मी पहिल्या दिवशी नको म्हटले. भाऊजींनी घेतला. बाहेर आल्यावर मी रागावले तेव्हा ते म्हणाले, "त्या रोज पितात, वहिनी. मी एक कप पिऊन काय मरतोय?"

खणण्याआधी आम्ही गल्लीतल्या लोकांना बोलावून सगळे समजावून सांगितले. कोणीतरी विचारले, "विष निघालं तर घरं रिकामी करायला लावणार का?" मी म्हटले, "ते मला आज सांगता येणार नाही. निकाल आल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही." हे उत्तर खरे होते. मावशी मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यानंतर मी खणण्याच्या जागा पक्क्या केल्या. सर्वांत महत्त्वाची जागा मावशींच्या घराच्या भिंतीलगत होती. गल्लीतून जमिनीखालून विजेची मोठी केबल गेलेली आहे. ती यंत्राने शोधून तिच्यावरून आम्ही पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली आणि रेघेपासून सुरक्षित अंतरावर, भिंतीच्या बाजूला, लाल डोक्याची खुंटी ठोकली. हे मी व भाऊजींनी मिळून केले. दोघांनीही मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नगरपालिकेत एका परवानगीवर सही घ्यायची होती. तिथले साहेब जागेवर नव्हते, मला बसून राहावे लागले. भाऊजींनी फोनवर विचारले, "सुरू करू का? मशीन लावून उभा आहे." मी म्हटले, "खुंटी आहे ना जागेवर?" ते म्हणाले, "आहे." मी हो म्हटले. खुंटी होती, हे खरे आहे. फक्कीची रेघ दिसत नव्हती. ओटा धुताना पाण्याने गेली असावी, असे भाऊजींना वाटले. मोजायची टेप माझ्या पिशवीत होती.

मशीनचे टोक केबलला लागले. मी पोहोचले तेव्हा भाऊजींना रुग्णालयात नेलेले होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. दोन बोटे डॉक्टरांनी काढली. शुद्धीवर आल्यावर ते मला पहिले वाक्य बोलले ते असे: "आता सगळीकडे सह्या तुम्हीच करा."

वीज खात्याच्या माणसांनी आमच्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मशीन चालवणाऱ्याने केबलची खात्री न करता खणले. तक्रार टिकली तर भाऊजींचा परवाना जाईल. मी घटनास्थळी जाऊन पुन्हा मोजले. आराखड्यातली जागा आणि पडलेले भोक यांत मोठ्या माणसाच्या दोन ढांगांचा फरक आहे. गल्ली अरुंद असल्याने टेप लावल्याशिवाय तो नजरेला येत नाही. जुन्या जागी खुंटी उपटल्याचा खड्डा होता. त्यात माती भरून पायाने दाबलेली होती.

मी कोणाला काही बोलले नव्हते. मोजले त्याच दिवशी दुपारी मावशी रुग्णालयात आल्या. बराच वेळ खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी स्टूल दिले तरी बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खुंटी मी हलवली."

भाऊजी जागे होते.

मावशींनी सांगितले ते असे. ज्याच्या दाराशी खुंटी, त्याचे घर जाणार, असे गल्लीत बोलले जात होते. सकाळी ओटा धुताना त्यांनी खुंटी उपटली आणि गल्लीच्या मधोमध नेऊन ठोकली. रस्ता कोणाचाच नाही, म्हणून तिथे. पांढरी रेघ आपल्या घराभोवतीची खूण आहे असे समजून तीही पुसली. केबलचे त्यांना माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "यांना उचलून मी कुठे नेऊ? नवी जागा यांना समजणार नाही. खिडकीतून गल्ली दिसली नाही की ते ओरडतात."

भाऊजी म्हणाले, "मावशी, खुंटी नको होती तर मला हाक मारायची. मी तिथेच तर उभा असतो."

मावशी म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं असतं?"

भाऊजी म्हणाले, "नसतं ऐकलं. पण बसून बोललो असतो."

मी मावशींना विचारले की, यजमानांना पाणी कोणते देता. त्या म्हणाल्या, "तेच. गाळून देते." त्या दिवसापासून शेवटच्या घरात बाहेरचे पाणी पोहोचवण्याची व्यवस्था मी केली आहे. हा खर्च आराखड्यात नाही.

ही गोष्ट ठाण्यात सांगायची की नाही, यावर आमचे घरात बोलणे झाले. भाऊजींचे म्हणणे होते, सांगू नये. "परवाना गेला तर दुसरं काही करेन. त्या बाईला या वयात ठाण्यात ओढू नका." मी म्हटले, "आणि बेफिकीर म्हणून तुमचं नाव लागेल ते?" ते म्हणाले, "मला माहीत आहे ना मी कसा आहे." सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईलाच विचारा. तुम्ही दोघं कोण ठरवणारे?"

मी मावशींना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "सांगा. मीही येते." त्याप्रमाणे त्या आज माझ्यासोबत आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. घरी त्यांच्या यजमानांजवळ माझ्या सासूबाई बसल्या आहेत.

माझी मावशींविरुद्ध तक्रार नाही. भाऊजींचीही नाही. भाऊजींनी मोजल्याशिवाय खणले हे खरे आहे, पण ठोकलेल्या खुंटीवर भरवसा ठेवून खणले, हेही लिहून घ्यावे.

पाहणी थांबलेली नाही. मी आराखडा नव्याने करून नगरपालिकेला दिला आहे. त्या भिंतीलगतची जागा बदलता येत नाही. पाण्यात काय आहे ते तिथेच कळेल. घराचे पुढे काय होईल, हे मी मावशींना अजूनही सांगू शकलेले नाही. मात्र घर सोडायची वेळ आलीच, तर खिडकी गल्लीकडे उघडणारी खोली मिळाल्याशिवाय त्यांना हलवू नये, असे मी आराखड्याच्या शेवटी लिहिले आहे. तसे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. नगरपालिकेने अद्याप ते खोडलेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात काही ठिकाणी "संशयित महिला" असे लिहिले गेले होते. ते काढून "मावशी" करावे, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, जबाबात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, जबाब माझा आहे. त्यांनी दुरुस्ती केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.