काहीच उठलं नाही

—काहीच उठलं नाही? अगदी काहीच? हो, दिसतोय की आनंद तुमच्या तोंडावर, बसा ना, बाकडं सगळ्यांचंच आहे. मुलगा ना तो तुमचा, शेजारच्या खोलीतला? तरीच. अहो, मीही अश्शीच नाचले होते. आमच्या ह्यांना इथे आणलं तेव्हा ह्यांच्याही हाताला सुया टोचल्या—कातडीच्या जेमतेम आत—आणि सिस्टरने भोवती पेनाने गोल काढले. मी म्हटलं, जन्मभर लोकांच्या कापडावर खडूने खुणा केल्यात, आता तुमची पाळी! शिंपी आहेत आमचे हे. हसले. तर दोन दिवस मी आपली ते गोल बघतेय—सूज नाही, लाली नाही, खाज नाही. जीव भांड्यात पडला माझा. डॉक्टरीणबाई आल्या तशी मीच ह्यांची बाही वर केली, म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, बघा, स्वच्छ! त्यांनी गोलावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि म्हणाल्या, "सुजायला हवं होतं, काकू."

आता सुजायला हवं म्हणजे काय? मलाही कळेना. तर त्या सुयांमध्ये म्हणे जुन्या आजारांचा नुसता अंश असतो—शरीराची ज्यांच्याशी आधी कधीतरी गाठ पडलेली असते, त्यांचा. शरीर धड असलं की ते ओळखतं, चवताळून उठतं, तिथे गाठ येते. ह्यांचं उठलंच नाही. प्रतिकारशक्ती म्हणतात ना, ती. मी म्हटलं, बाई, ह्या माणसाने उभ्या जन्मात माझ्यापुढे प्रतिकार केला नाही, शरीर तरी कुठून शिकणार! कुणी हसलं नाही. पूर्वी शिवताना सुई घुसली की बोट टम्म फुगायचं ह्यांचं, पू व्हायचा, कण्हत बसायचे—आणि मी वैतागायचे. वैतागायचे हो! आता वाटतं, एकदा, एकच बोट सुजू दे. आणि ताप? ताप नाही. छाती भरलीय, श्वास पुरत नाही, आणि कपाळ हे असं गार. सून फोनवर विचारते, ताप आहे का? नाही म्हटलं की म्हणते, चला, सुटलो. काय सांगू तिला—की ताप यायलासुद्धा अंगात बळ लागतं?

अहो—अशा काय बघताय? नाही, नाही, तुमच्या मुलाचं वेगळं असेल. तरुण आहे तो. सुया वेगळ्या असतील त्याच्या. पेनाचे गोल? ...असतील, गोल सगळ्यांनाच काढत असतील. मला मेलीला काय कळतंय, जिभेला हाड नाही माझ्या. आणि औषधं असतात ना, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं असतात—ह्यांनाही दिली. रोज सकाळी रक्त न्यायचे, पेशी किती झाल्या बघायला. आता नाही नेत.

मघाशी सिस्टर ओरडली ना तुम्हाला, फळं परत न्या, मास्क नीट लावा, हात पुन्हा धुवा म्हणून? मलाही ओरडायची. रडवलंय मला तिने. काल मी दाराशी हातमोजे चढवत होते, तर जवळ आली, म्हणाली, "राहू द्या, काकू. तसाच धरा त्यांचा हात." इतकं गोड बोलली हो. इतकं गोड ती कधीच बोलली नव्हती. मी आत गेले, धरला हात, आणि ह्यांनी बघितलं माझ्या उघड्या बोटांकडे. त्यांनाही कळलं.

ती बघा, आलीच. तुमच्याच नावाने शंख चाललाय, चपला बाहेर का नाही काढल्या म्हणून. करू दे. ओरडतेय ना अजून, मग जा. तोंड पुसा, हसत जा पोरासमोर. आणि माझा हात सोडा आता, बाई—धुऊन जा.