यकृतातली आग

नाही, आजोबा, डोळे उघडू नका आता. कापूस राहू दे तसाच — शेवंतीच्या फुलांचं पाणी आहे ते, उकळून गार केलेलं. सुया लावून झाल्यात, हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात आणि पायाच्या अंगठ्याशेजारी — हात हलवला की ठणकेल, म्हणून गप पडून राहायचं. बोलायचं तर ओठातल्या ओठात बोला, मला येतं ऐकू. हां, काय म्हणत होता? नातवाचं. रविवारी बारसं, आणि सून बाळ हातात देत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात मी पाठवलं तसे जाऊन आलात, त्यांनी प्रेशर बघितलं, पडदा बघितला, म्हणाले साथीचे डोळे नव्हेत, कुणाला लागायचे नाहीत — आणि घरी हे सांगितलं तर कोणी ऐकत नाही. एकटेच गेला होता ना बसनं? मग काय, डॉक्टरांचं बोलणं तुमच्या एकट्याच्या कानावर पडलेलं, दुसरं कोण साक्षीला. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, अंथरूण मागच्या पडवीत. बाळ रडलं तरी उठून जायचं नाही. आणि आता मी सांगावं तुमच्या सुनेला, स्वरालीला, असं म्हणता. खाली खडेबाजारात गेलीय ती, कुंचीचं कापड घ्यायला — येईल एवढ्यात. सांगू की. बघू.

आधी नाडी बघू द्या. चिनी वैद्यकात तीन बोटांनी बघतात, आपल्या वैद्यांसारखंच, फक्त ते काय शोधतात ते वेगळं. ही बघा — तारेसारखी ताणलेली, बोटाखाली ठणठणतीय. आणि मघाशी जीभ बघितली, कडा लालभडक. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं आठवतंय? सकाळी पापण्या चिकटतात का — नाही. खाज सुटते का — नाही. तोंड कडू होतं का — होतं. कानशिलं ठणकतात, झोप नाही, बारीकसारीक गोष्टीवरनं डोकं फिरतं. म्हणजे वाऱ्यानं आलेलं दुखणं नव्हे हे, हे आतलं. डोळा म्हणजे यकृताचं दार, असं त्यांचं शास्त्र सांगतं. घरात आग लागली की धूर दारातनंच बाहेर येणार — तसे हे तुमचे डोळे. नुसते थेंब घातले तर दार पुसल्यासारखं होतं, आत जळतच राहतं. आणि यकृत कशानं पेटतं? दारूनं पेटतं, तिखटानं पेटतं, पण सगळ्यात जास्त गिळलेल्या रागानं. म्हणून मी विचारलं होतं, राग कुणाचा आलाय, तर तुम्ही म्हणालात कुणाचा न्हाय, घरात सगळं चांगलं हाय, नातू झालाय. आणि तेवढ्यात स्वरालीनं मला बाजूला घेऊन विचारलं — शिकवते ना ती शाळेत, सगळं विचारून करते — मॅडम, बाळ अगदी लहान आहे, बाबांनी जवळ घेतलं तर चालेल का? तर मी तिला म्हटलं — असू दे. ते नंतर.

हे शिकले मी कलकत्त्याला. इथं निसर्गोपचाराची डिग्री झाली, आणि मग एका चिनी बाईंकडं राहिले, त्यांचे आजोबा चीनमधून आलेले, घराच्या ओसरीवरच दवाखाना. त्यांना मी एकच विचारलं होतं. माझ्या आईचे डोळे कायम लाल असतात, काय करू? औषध नाही सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, ती कुठल्या धुरात बसते ते सांग, आणि ती काय बोलत नाही ते सांग. आता ह्या दोन प्रश्नांना मी काय उत्तर देणार — पयल्याचं दिलं, दुसऱ्याला रडूच आलं मला. त्या बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, आता शीक.

धूर काजूचा होता. काजूच्या भट्टीवर होती आई. तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच भागात भट्ट्या — टरफलातलं तेल जळतं, त्या धुरानं हाताची सालं निघतात, डोळे पळसाच्या फुलागत होतात. सगळ्याच बायकांचे व्हायचे. आईचे जरा जास्त, कारण ती भट्टीच्या तोंडाशी बसायची, दुसऱ्या कुणाला बसवायचं न्हाय म्हणून. आणि गळा लई गोड. गावात कुणाचं बी बारसं असू दे, पाळणा म्हणायला मालुबाईच पाहिजे. भट्टीवरनं सुटली की तोंडावर पाणी मारायची, पदर झटकायची आणि थेट जायची.

हात हलला तुमचा. हलवू नका म्हटलं ना — रक्त येईल.

व्हय. मालुबाई. गुंजीची. रवळूची बायको, स्टेशनाकडच्या अंगाला घर. तुम्ही केसपेपरला नाव सांगितलं परशराम, गाव गुंजी, तवाच कळलं मला. तुम्हाला कुठनं कळणार, भिंतीवर माझ्या सासरचं आडनाव लिवलंय, आणि मी तवा पोलकं-परकरातली पोर, दिपी म्हणत होते सगळे, तुम्हाला अण्णा म्हणायची मी. भाषा बदलली वाटतं माझी? बदलू दे. बाहेरच्या पेशंटसंगं मी कन्नडमध्ये बोलते, कॉलेजात इंग्लिशमध्ये बोलले, तुमच्यासंगं कशाला शहरातलं बोलू, अण्णा?

तुमच्या थोरल्या लेकराचं बारसं. आठवतंय का तुम्हास्नी — मला आठवतंय, मी पाळण्याच्या दोरीपाशी बसलेली, घुगऱ्या खात. आईनं लेकरू घेतलं, पाळण्याखालनं दिलं, पाळणा म्हटला, सगळ्या बायका गप बसून ऐकत हुत्या. आणि लेकरू खोकत हुतं. तुमची बायको सुनंदाकाकी कोपऱ्यात बसून सारखी सांगत हुती, अवो, त्याचा श्वास बघा, खानापूरला दाखवून येऊया. आणि तुम्ही काय म्हणालात? पाहुणे गेल्यावर बघू. पाहुणे गेले, मग मांडववाला आला, मग दाजी आले, मग जेवणं. लेकरू निळं पडल्यावर तुम्ही माझ्या बापाला हाक मारली, कारण गाडी त्याच्याकडं. माझा बाप घेऊन गेला तुम्हास्नी खानापूरला. डॉक्टर काय म्हणाला ते माझ्या बापानं ऐकलंय — छातीत न्युमोनिया भरलाय, आधी का आणलं न्हाय. तिथं ओट्यावर तुम्ही बसलात डोकं धरून, बापानं पाणी दिलं तुम्हास्नी, पाठीवरनं हात फिरवला.

आणि गावात येऊन तुम्ही म्हणालात, मालुबाईच्या डोळ्यांनी खाल्लं माझं पोर.

का म्हणालात? मी लई वर्षं विचार केलाय त्याच्यावर. खरं वाटत हुतं म्हणून म्हणाला असता तर मी सोडलं असतं, अण्णा, देवाशप्पथ सोडलं असतं — लेकरू गेलेला माणूस, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. पण तुम्हास्नी ठावं हुतं. काकी तुमच्याकडं बघायला लागली तशी, त्या बघण्यातनं सुटायला तुम्हास्नी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे पाहिजे हुते. आईचे सापडले. लालच हुते. सोपं झालं.

रडताय? रडू नका, कापूस सरकतो.

ऐदु निमिष, आक्का, कूड्री — बाहेर पेशंट आलाय, पाच मिनिटं बसा म्हटलं त्यांना.

मग काय काय झालं ते तुम्ही बघितलंय, पण भाईरनं बघितलंय. आतनं मी सांगते. नळावर आई गेली की बायका घागरी अर्ध्या भरलेल्या उचलून जायच्या. भट्टीवर तिच्या शेजारी कोण बसंना, मग मालकानं सांगितलं, मालुबाई, तू उद्यापासनं येऊ नकोस, बाकीच्या येत न्हाईत. शाळेत माझ्या बाकावर मी एकटी. आणि तो दिवस — दुपारी तुम्ही चार माणसं घेऊन आलात आणि आमच्या दारात मिरच्या जाळल्या. वाळक्या मिरच्यांचा ढीग, वर मीठ-मोहऱ्या. घर लहान, धूर सगळा आत. बाप खोकत खोकत मला घेऊन परड्यात पळाला. आई दारातनं भाईर आली, तोंडावर हात धरून, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, डोळे रक्तागत — आणि तुम्ही बोट दाखवून म्हणालात, बघा, बघा हिचे डोळे. तुमच्या मिरच्यांनी लाल झालेले डोळे तुम्हीच लोकांस्नी दाखवलेत. माझी आई तवा तुमच्याकडं बघत हुती. ते शेवटचं तिचं कुणाकडं बघणं.

त्यानंतर आम्ही गाव सोडून पिरनवाडीला आलो. बापाला फौंड्रीत काम मिळालं. भट्टी सुटली, धूर सुटला, आईचे डोळे निवळायला पाहिजे हुते — न्हाय निवळले. कलकत्त्यासनं आल्यावर मी तिला सुया लावल्या, शेवंतीचं पाणी पाजलं, ह्याच जागा, तुम्हास्नी लावल्यात त्याच. हळूहळू पांढरे झाले. अगदी पांढरे, लहान पोरागत. मी आरसा दिला हातात, म्हटलं बघ आई. तिनं आरसा पालथा ठेवला. ती खालीच बघते, अण्णा. भाजीवाल्यासंगं खाली बघून, बापासंगं खाली बघून, बाप गेला तवा त्याच्या तोंडाकडं बघायचं हुतं तर पदर ओढून घेतला तिनं. माझी लेक झाली, भैरवी — तिला न्हाऊमाखू घालायला आई पाहिजे ना, तर ती मान फिरवून तेल लावायची. भिंतीकडं बघत. मांडीवर घेतली तर पाठमोरी घ्यायची. पाळणा म्हण म्हटलं तर म्हणाली, माझा गळा बसलाय. भैरवी आता शाळेत जाती, तिला आजीचे डोळे कशे हायत ठावं न्हाय.

काय? मोठ्यानं बोला. — माफी. कुणाची, माझी? मी कोण तुम्हास्नी माफ करणारी. तिची? न्हाय. पिरनवाडीला यायचं न्हाय. तुमची गाडी त्या रस्त्यानं वळली न्हाय पाहिजे. तुमचं मन हलकं करायला तिनं परत दारात येऊन उभं राहायचं काय?

मी स्वरालीला काय सांगितलं ते मघाशी राहिलं हुतं ना? म्हटलं नंतर. आता ऐका. मी तिला म्हटलं, बाळाला अजिबात जवळ द्यायचं नाही. हे डोळे चांगले नाहीत. एवढंच म्हटलं. साथ म्हटलं न्हाय, संसर्ग म्हटलं न्हाय, खोटं एक अक्षर बोलले न्हाय — हे डोळे चांगले नाहीत. बाकी सगळं त्यांच्या त्यांनी केलं. ताट, टॉवेल, पडवी, मी न्हाय सांगितलं. तुमच्या लेकानं, आशुतोषनंच आणलं ना ते वेगळं ताट? लोकांस्नी जास्त सांगावं लागत न्हाय, हे मी तुमच्याकडनंच शिकले.

आणि तुम्ही बरे का होत न्हाय, ते बी सांगते. ह्या सुया खऱ्या हायत, पाणी खरं हाय, जागा बरोबर हायत, मी त्यात कसूर केली न्हाय. पण तुम्ही हितनं घरी जाता, पडवीत बसता, आत नातू रडतो आणि तुम्हास्नी उठता येत न्हाय — तवा आत काय होतं? तेच. एका हातानं मी विझवते, दुसऱ्या हातानं लाकूड सारते. आठवडेच्या आठवडे. तुमची नाडी हातात धरली की मला कळतं, अजून पेटलंय. पयल्यांदा बरं वाटलं. मग वाटलं, पुरे आता. आज सकाळी येताना वाटेत ठरवलं हुतं, खरंच ठरवलं हुतं, की बारशाला सोडावं ह्यांस्नी, लेकराचा काय दोष, काकी असती तर तिला काय वाटलं असतं. तुम्ही नुसतं एकदा म्हणाला असता — मी नाव न सांगताच — की मी बी कुणाला तरी असंच कोपऱ्यात बसवलंतं. मी केवढी वाट बघितली त्याची. सुया लावताना बोलत हुता तुम्ही सगळं, सून कशी, लेक कसा, जमाना कसा, काय पाप केलं म्हणून हे दिवस. काय पाप केलं, म्हणालात.

म्हणजे आठवलंच नव्हतं तुम्हास्नी. मी नाव घेईपर्यंत आठवलंच नव्हतं.

थांबा, सुया काढते. ही एक. ही — हां. कापूस काढा आता, सावकाश, उजेडाला हात आडवा धरा. बघा माझ्याकडं. न्हाय, अण्णा, खाली नको. बघा.

काय, स्वतःच सांगणार तिला? की ही बाई सूड घेतीया, माझे डोळे कुणाला लागत न्हाईत? सांगा की. जिना चढतीय ती, आवाज येतोय चपलांचा. सांगा, मी आडवी येत न्हाय. तुम्ही ओरडून सांगा, शपथा घ्या, बाळाच्या पाळण्याला हात लावून सांगा. माझी आई बी सांगत हुती. घरोघर जाऊन सांगत हुती. लाल डोळ्यांच्या माणसाचं कोण ऐकतंय ते बघा.

या स्वराली, या आत, मिळालं का कापड? छान आहे, मऊ आहे. — हो, झालं आजचं. थोडे हळवे झालेत ते आज, बारशाचंच बोलत होते. डोळे ना? आहे अजून, तशीच आहे लाली. — बारशाला? नाही, नकोच. तुम्ही फोटो पाठवा त्यांना मोबाईलवर. — उठा आजोबा, सावकाश, कठड्याला धरा. बाहेरच्या आक्कांना आत पाठवा जाताना.