नळीतला थेंब

काका : छान आहे. अगदी छान. वा!

कारागीर : काका, तुम्ही चहा प्यायलात.

काका : म्हणजे काय? तुझ्या काकूने थर्मास भरून आणला, मी प्यायलो.

कारागीर : गरम प्यायलात. दोन ओळी वाजवल्यात, ट्रम्पेट मांडीवर ठेवलंत आणि कप उचललात. वाफ निघत होती अजून त्यातून.

काका : आता तुझ्या कारखान्यात चहा प्यायचीही चोरी का?

काकू : अहो, ती काय म्हणतेय ते ऐका तरी.

कारागीर : तोंडाने तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता. म्हणून मी हल्ली कपाकडे बघते. या ट्रम्पेटची नळी मी किती वेळा सोडवून सुधारली! दर वेळी तुमचं 'छान', आणि दर वेळी कप रिकामा. तुमच्या आजारपणानंतर हे ट्रम्पेट पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा आठवतं? वाजवतच राहिलात. चहावर साय आली होती. माशी पडली होती त्यात, तरी तुम्हाला पत्ता नाही.

काकू : माशी नव्हती गं, दिव्यावरची पाकोळी होती. मीच काढली.

काका : बघा, काय काय लक्षात ठेवतात या बायका. अगं, छान म्हटलं तर छान आहे म्हणून म्हटलं. उद्याचा दिवस जाऊ दे, मग बसू निवांत.

कारागीर : उद्याचा दिवस कसा जाऊ दे? उद्याच तर चाचणी आहे! तुम्ही पडद्याच्या अलीकडे, वाद्यवृंद चालवणारे छडीवाले साहेब पलीकडे. तुम्ही आजारी होतात हे पडद्यातून दिसणार नाही. इतकी वर्षं वाद्यवृंदात त्यांच्यासमोर बसलात, तेही दिसणार नाही. फक्त सूर ऐकणार ते. तो डळमळला की तुमची खुर्ची त्या नव्या मुलाला.

काका : मिळू दे की. चांगला वाजवतो तो.

काकू : ऐकलंस? हल्ली असं बोलतात. संतमहात्मे झालेत. आणि झोपेत ओठ हलवत असतात, मी बघते ना. खुर्ची गेली तर हा माणूस मला घरात सापडायचा नाही, सांगून ठेवते.

कारागीर : काका, खरं बोला. काय खुपतंय या वाद्यात?

काका : काही नाही गं.

काकू : सांगा ना! घरी मला सांगता ते तिला सांगा.

काका : तू गप बस.

कारागीर : काय सांगतात घरी?

काकू : परवा म्हणाले, हे ट्रम्पेट माझी फार काळजी घेतं. मला वाटलं, कौतुक चाललंय. तर पुढे म्हणतात, नर्ससारखी काळजी घेतं. आणि तोंड पाडून बसले.

काका : झालं समाधान? फोडलंस सगळं?

कारागीर : मग मला का नाही सांगितलंत?

काका : कसं सांगू? माझं तोंड वाकडं झालं, दवाखान्यात पडलो, तेव्हा अख्खा वाद्यवृंद येऊन गेला. कुणी फुलं आणली, कुणी सफरचंदं. सगळे म्हणाले, आता आराम करा, शिकवण्या घ्या. तू आलीस, पिशवीतून माउथपीस काढलास, माझ्या ओठाला लावलास आणि म्हणालीस, फुंका.

काकू : आणि केवढा तो आवाज! शेजारच्या खाटेवरच्या आजी विचारायला लागल्या, यांना जुलाबाचं औषध दिलंय का म्हणून.

काका : त्या आवाजाने मी रडलो, पोरी. म्हटलं, अजून आवाज येतोय. त्यानंतर तू माझ्या ओठासाठी रात्रीचा दिवस केलास. बाकीची कामं परत पाठवलीस. आता तू माझ्या पुढ्यात काहीही ठेवलंस तर मी त्यात खोट काढू? इतका कृतघ्न नाही मी.

कारागीर : अहो, पण खोट काढली नाहीत म्हणून तर हे असं झालंय! मी शिकाऊ असताना केलेलं माझं पहिलंवहिलं ट्रम्पेट आठवतं? एक सूर काढलात आणि म्हणालात, नळ उत्तम झालाय, आता खाली बादली लाव.

काकू : असं म्हणाले? मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल तुला.

कारागीर : घरी जाऊन ढसाढसा रडले. आणि सकाळी ट्रम्पेटचा पुढचा अख्खा कर्णा नव्याने ठोकला. मला ऐकायला तुम्ही शिकवलंत काका, पाठ थोपटून नाही, टाकून बोलून. त्या क्लॅरिनेटवाल्या बाई बघा. आल्या की तक्रारी सुरू. इथे अंगठा दुखतो, ही कळ चिकटते, हा सूर झोपाळलाय. डोकं उठवतात. पण त्यांचं वाद्य कसं झालंय बघा, दुसऱ्या शहरातून लोक मागायला येतात. आणि ज्यांच्यासाठी जीव टाकला, ते म्हणतात छान! तुम्ही आजारी पडल्यापासून मला एकदाही ओरडला नाहीत. मला एकटं एकटं वाटतं इथे काम करताना.

काका : एवढं मनाला लावून घेतलंस?

कारागीर : हो, घेतलं.

काका : बरं. मग ऐक. वारा नुसता जातो. फुंकला की सुळकन निघून जातो, टेकायला कुठे जागाच नाही. ओठाचा हा उजवा कोपरा आळशी झालाय. त्याला समोरून कुणीतरी ढकललं तर तो उठतो. हे पहिल्यांदा दिलंस तेव्हा त्यात कुणीतरी ढकलायचं. जिन्याला कठडा असतो ना, तसं काहीतरी हाताला लागायचं. आता जिना रुंद केलास, गुळगुळीत केलास आणि कठडाच काढून टाकलास. वरचा सूर लावताना मला भीती वाटते. वाजवताना भीती, मला! कुणाला सांगू हे?

कारागीर : थांबा, थांबा. पहिल्या खेपेला होतं आणि आत्ता नाही?

काका : दुसऱ्या खेपेपासूनच गेलं.

कारागीर : अगं बाई! तो थेंब.

काकू : कसला थेंब?

कारागीर : माउथपीस बसतो ना, ती पहिली नळी. ती मी तेव्हा घाईघाईत झाळली होती, दवाखान्यातून सुटून घरी याल तेव्हा हातात द्यायची म्हणून. सांध्यातून झाळकामाच्या वितळलेल्या धातूचा एक थेंब आत ओघळून राहिला. मुगाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या खेपेला नळी उघडली आणि तो दिसला. इतकी लाज वाटली! घासून काढला. आतून आरसा केला नळीचा.

काका : आणि मला बोलली नाहीस?

कारागीर : आपल्या हातची घाण तुम्हाला दाखवू? तेही तुम्हाला? आणि नंतर तुम्ही छानच म्हणालात की!

काकू : म्हणजे हिने लाजेपोटी काढला आणि यांनी भिडेपोटी सांगितलं नाही. धन्य आहात दोघंही.

कारागीर : काकू, झाळायची ती गॅसची बत्ती द्या इकडे, थेंब परत टाकते. काका, उठा तिथून, पाय जपून, खाली पितळेचा कीस आहे.

काका : आत्ता? उद्या वाजवायचंय मला, आणि तू वाद्याला आग लावतेस?

कारागीर : लावते. तुम्ही तिकडे बसा.

(बत्तीचा आवाज. कारागीर नळी सोडवून कामाला लागते. ती दोघं खिडकीशी.)

काकू : मला नाही कधी भीड दाखवलीत ती. भाजी अळणी झाली की सरळ ताट सरकवता. माझे उपकार नाहीत वाटतं?

काका : तुझे? महिनोन्‌महिने माझ्या ओठाच्या कोपऱ्याला बोट लावून बसायचीस, हवा गळू नये म्हणून. बोटाला घट्टा पडला तुझ्या. तुझे उपकार मानायला गेलो तर बोलायलाच नको मग आयुष्यभर. त्यापेक्षा भाजीला नावं ठेवतो.

काकू : ठेवा. ठेवत राहा.

कारागीर : घ्या. थंड केलीय पाण्यात. वाजवा.

काका : हूं. नाही. घुसमटतंय.

कारागीर : कसं?

काका : कसं काय? नाकात बोळे कोंबल्यासारखं! केवढा थेंब टाकलास? मूग म्हणालीस की लिंबू? कान कुठे आहेत तुझे?

काकू : आला गं बाई, माझा जुना नवरा परत आला.

कारागीर : आणा इकडे. गोल कानस कुठे गेली? ही बघा. थोडासाच काढते. पुन्हा. आता?

काका : बरं आहे. अजून किंचित. नको, थांब. थांब, हात लावू नकोस आता. दे इकडे.

काकू : चहा ओतते हं. इथे ठेवलाय.

काका : हं. (वाजवू लागतात.)

काकू : ऐकतायत कुठे. अगं, हे थांबणार आहेत का आता?

कारागीर : नाही. वर चढतायत आता.

काकू : हा वरचा सूर तोच ना? ज्याची भीती वाटते म्हणाले तो?

कारागीर : तोच. आता पुन्हा घेतील बघा. घेतला! किती वेळ धरलाय!

काकू : कपाची वाफ गेली.

कारागीर : जाऊ दे.

काकू : साय धरायला लागली. देऊ का हाक?

कारागीर : काकू, तुमच्या पाया पडते, हाक नका मारू.

काकू : नाही मारत. उद्या काय व्हायचं ते होवो, पण हे तू मला परत दिलंस. देव तुझं भलं करो.

काका : तिसरी कळ मऊ आहे. स्प्रिंग बदल तिची, उद्याच्या आत. आणि हा खालचा स्क्रू खडखडतोय, लक्ष कुठे असतं तुझं?

कारागीर : बदलते. दोन्ही बघते.

काका : आणि हा चहा! पार गारढोण. कुणी दिला असला?

काकू : मी दिला. आणा तो कप. आणि तू गं, रडतेस कशाला? चहाच तर आहे.