यंत्रमानव स्टेजवर पडला तेव्हा

अजून आठवलं की छातीत धडधडतं बघा. नव्वदीतली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या विज्ञानकथा संमेलनाचं दुसरंच वर्ष. शिरोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या आमच्या दिलीपनं पत्र्याचा यंत्रमानव केलता आणि स्वतःच आत शिरून स्टेजवर आलता. चार पावलं टाकली आणि धाडकन पडला. आम्हाला वाटलं, काय ॲक्टिंग करतंय गडी! हॉलभर टाळ्या, शिट्ट्या.

तेवढ्यात त्याची बायको स्टेजवर धावली.

"आरं टाळ्या काय वाजवताय? दमा हाय त्यास्नी!"

दोघातिघांनी ओढून पत्र्याचं डोकं काढलं, तर आत दिलीप काळानिळा पडलेला. वारा घातला, पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

म्हणतोय कसा, "पुढच्या वर्षी परग्रहावरचा माणूस होतो. तिकडं कपडे घालायची पद्धतच न्हाई म्हणून सांगू!"