खोडलेली नावं

पोलीस ॲक्शनला वर्ष उलटलं होतं. नवऱ्याला काय झालंय ते ऐकायला दगडाबाई औरंगाबादच्या दवाखान्यात बसली होती. बाकावर शेजारीच नुकतेच डॉक्टरांना भेटून आलेले नवाबमियाँ आणि त्यांची बायको मुनिरा.

“काय म्हनले डॉक्टर?” मुनिरानं नवऱ्याला विचारलं.

“पार्किन्सन.”

“म्हंजी वो?”

“विलायतेतल्या डॉक्टरचं नाव हाय. त्यानं हा आजार पयल्यांदा वळखला.”

“त्याच्या नावाला मी काय करू? हैदराबादेत नोकरी व्हती तवर तुम्ही डॉक्टरीच्या इंग्रजी किताबांचं उर्दू करताना असली नावं खोडून अरबी शब्दांत अर्थ लिवायचा. म्हनायचा, आजाऱ्याला आपलं दुखनं नावातच कळाया पायजे.”

“व्हय, म्हनायचो.”

“मग ह्ये बी खोडलं असंल.”

“खोडलं व्हतं.”

“अन् काय लिवलं? माझे हात थरथरतेत, त्येच ना?”

“थरथर लिवली. पन तिच्यासंगं अजून एक शब्द व्हता, म्होरं काय व्हनार त्याचा.”

“कोन्ता?”

“मुनिरा, डॉक्टरचंच नाव राहू दे.”

कंपाउंडरनं दगडाबाईला हाक मारली. दोघांचं बोलणं ऐकत बसलेली ती आत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “डागदरसायब, मला निस्तं नाव सांगा.”