खमीर जाळण्याच्या सकाळी शाळेला लागलेल्या आगीबाबत

नाव : लेझर कोरेनब्लिट. वय : ६४ वर्षे. धंदा : नळसामानाचे दुकान. राहणार : मॅकग्रेगर स्ट्रीट, विनिपेग.

मी समक्ष हजर होऊन जबाब देतो की, मला कोणी बोलावलेले नाही. आमच्या शाळेचे मास्तर झेल्मन प्रिव्ह कालपासून आपल्या कोठडीत आहेत. आग लावणाऱ्याचा पाय त्यांनी मोडला, असे त्यांनीच कबूल केल्याचे कळते. कोठडीत दिलेला पाव त्यांनी तोंडात घातला नाही, असे आपल्या हवालदाराने सांगितले. वल्हांडण सण लागला आहे, ते घालणारही नाहीत. त्यांना सोडावे म्हणून मी आलो आहे.

शाळा आमच्या ज्यू वस्तीची आहे. जेवणापर्यंत सरकारी अभ्यासक्रम, गणित-विज्ञान वगैरे. जेवणानंतर यिद्दिश, हिब्रू या आमच्या भाषा आणि आमचा इतिहास. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तरी मी समितीवर आहे. गळके नळ मीच बघतो.

वल्हांडण म्हणजे आमचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून घाईने निघाले त्याचा सण; त्या दिवसांत आमच्या घरात खमिराचा, म्हणजे फुगवलेल्या पिठाचा, कणसुद्धा चालत नाही. आदल्या सकाळी मुले घरातला उरलासुरला पाव पिशवीत घालून आणतात आणि शाळेच्या आवारात पिंपात जाळतात. काल तेच चालले होते. लाकडे बर्फाने ओली, पेटेनात. मी दुकानात फोन करून रॉकेल मागवले. प्रिव्ह मास्तर फावड्याने बर्फ सारत होते. म्हणाले, "लेझर, तुझं रॉकेल येईपर्यंत सण उरकेल. आपले लोक इजिप्तातून याहून लवकर निघाले." मी म्हणालो, "निघाले लवकर मास्तर, पण पोचायला चाळीस वर्षं लागली. माझी गाडी येईल आत्ता."

तेवढ्यात फाटकाशी एक अनोळखी माणूस लाल कॅन घेऊन आला. पहारेकऱ्याने त्याला अडवले. मला वाटले, दुकानातला नवा ड्रायव्हर. मीच ओरडलो, "अरे सोड, आपलाच आहे!" आणि त्याला म्हणालो, "एवढा उशीर? मागच्या दाराशी ठेव, इथे पोरं आहेत." मागचे दार मी बोटाने दाखवले. त्याने मान हलवली व तो गेला.

पुढे पिंप एकदाचे पेटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागून धूर येऊ लागला, तो आम्ही आमचाच समजलो.

मग काच फुटली आणि बालवर्गाच्या दोव्होरा बाईंची किंकाळी ऐकू आली. बालवर्ग मागच्या दाराला लागून आहे. मी व मास्तर धावलो. दार पेटले होते. बाई खिडकीतून एकेक मूल बाहेर देत होत्या. तो लाल कॅनवाला माणूस कॅनमधले उरलेले पेट्रोल खिडकीवर फेकायला पुढे आला. मास्तरांनी फावडे त्याच्या मनगटावर मारले. एकदाच. कॅन उडाला, तो माणूस खाली आपटला. मास्तरांनी फावडे टाकून मुले घ्यायला हात पुढे केले. मीही घेतली.

बाई शेवटी बाहेर पडल्या तेव्हा पाठीवरचा स्वेटर पेटलेला होता. आम्ही त्यांना बर्फात लोळवले. स्वेटर निघाला, त्याबरोबर कातडी निघाली. त्या बेशुद्ध झाल्या. आत कोणी राहिले का, हे सांगणारे कोणी नव्हते.

मी त्या माणसाला विचारले, "आत पोर राहिलंय का? तू खिडकीतून बघितलंस."

तो म्हणाला, "दार तूच दाखवलंस ना, म्हाताऱ्या? मग मोज तूच."

मी फावडे उचलले आणि त्या पडलेल्या माणसाच्या गुडघ्यावर मारले. हाड मोडल्याचे कळले. नंतर पुन्हा मारले. त्याच्या हातात तेव्हा काही नव्हते.

मास्तरांनी माझ्या हातातून फावडे काढून घेतले. म्हणाले, "तू बाईंजवळ बस, लेझर. हे माझ्याकडे असू दे." पोलीस आले तेव्हा ते त्यांच्या हातात होते, ते असे.

मुले सगळी निघाली होती. बाई दवाखान्यात आहेत. मला त्यांच्यासमोर अजून जाता आलेले नाही.

वरील मजकूर हवालदाराने मला मोठ्याने वाचून दाखवला. 'पडलेल्या' या शब्दाशी थांबून, "आजोबा, एवढा एक शब्द काढू का?" असे विचारले. मी नको म्हणालो. तो पडलेलाच होता. बाकीही सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : लेझर कोरेनब्लिट