आयुधपूजेच्या दिवशी बंद केलेलं बटण

आदरणीय अध्यक्ष जगन्नाथराव, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर नागरत्नाबाई, आणि हूटगळ्ळीहून बसमध्ये उभं राहून आलेल्या आपल्या मराठी मंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार. मी दामोदरराव, बाईंच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं मदतनीस. शिक्षण बेताचं, तोंड मात्र मोठं, म्हणूनच मंडळानं मला उभं केलं असावं.

बाईंचं काम काय? ताप भरला, ऊन लागलं, की शरीरातल्या पेशी होरपळतात. मग त्या स्वतःला सावरणारी प्रथिनं तयार करतात. झाडापानांतली काही द्रव्यं त्यांना यात हात देतात का, हे बाई शोधत. आमचं पान कुठलं? दोड्डपत्रे! म्हणजे आपला पानओवा. तुम्ही त्याची भजी तळता, आम्ही त्याचा अर्क पेशींना पाजायचो.

नऊ वर्षांपूर्वीची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. बाईंची विद्यार्थिनी पावनी हिनं अर्क दिलेल्या पेशींच्या बाटल्या त्रेचाळीस अंशांच्या गरम पाण्याच्या यंत्रात ठेवल्या आणि जेवायला गेली. अर्क न दिलेल्या पेशी आदल्या दिवशी तेवढ्याच उष्णतेत मेल्या होत्या. मी आलो हळदकुंकू घेऊन. आता तुम्हीच सांगा, पूजेला आयुध चालू ठेवतात का हो? बटण बंद केलं, झाकण काढलं, आत बाटल्या दिसल्या, त्यांनाही कुंकू लावलं! आरती झाली, कोहळा फोडला, आणि पाऊण तासानं बटण परत दाबलं.

पेशी तपासल्या तर सगळ्या जिवंत! देवराज मोहल्ल्यातून म्हैसूरपाक आला. पावनी म्हणाली, "मामा, त्रेचाळीस अंशांतही मेल्या नाहीत बघा!" अय्यो देवा! हातातला तुकडा मी परत खोक्यात ठेवला. पाणी तर मी गार केलं होतं.

चार दिवस गप्प बसलो. दोन पोरी शिकत होत्या, नोकरी गेली तर? पाचव्या दिवशी बाई परिषदेला निघाल्या, तेव्हा मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. "परवागिल्ला, दामोदरराव, असू दे. आज सांगितलंत ते बरं झालं," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. मला वाटलं, किरकोळच असेल.

परत आल्यावर सगळं नव्यानं केलं, आठ महिने. अर्कानं मदत होते, पण थोडीशीच, असं निघालं. बाईंनी तेवढंच लिहिलं. त्या वेळी म्हैसूरपाक मी आणला.

आणि गेल्या आठवड्यात पावनीनं मला सांगितलं. त्या परिषदेत बाई हाच निकाल मांडणार होत्या. भरल्या सभागृहात उठून त्या म्हणाल्या, "माझा निकाल चुकीचा आहे. यंत्र मध्ये बंद पडलं होतं, ते मी तपासलं नाही. चूक माझी." लोक हसले म्हणे. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पूजेचंही नाही. हे ऐकून मी घरी जाऊन रडलो हो.

असो. तुम्ही शांतपणे ऐकलंत, मंडळानं संधी दिली, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. बाईंकडे मात्र मी माफी मागत नाही. ती त्यांनी तेव्हाच देऊन टाकली, आणि मला पत्ताही लागू दिला नाही.